ओशट काचेचा इतिहास

तेलाची वाटी एकदा विसळून पालथी घातली की झाली स्वच्छ, असं घरातली जाणती बाई कधीच मानत नाही. ती वाटी पुन्हा पाण्याखाली धरते. पाणी सगळीकडून सारखं ओघळलं तर ठीक. ते जागोजाग फाटलं, थेंब थेंब होऊन थांबलं, की तिच्या तोंडून एकच शब्द येतो, ‘ओशट’. या शब्दाला मराठीत दुसरा पर्याय मला तरी सापडलेला नाही. चिकट म्हणजे ओशट नाही, मळकट म्हणजेही नाही. डोळ्यांना न दिसणारा, बोटाला जेमतेम कळणारा आणि पाण्याला मात्र लगेच ओळखू येणारा मळ म्हणजे ओशटपणा. श्रोतेहो, आज मी जो इतिहास सांगणार आहे तो या एका शब्दाभोवतीच फिरणारा आहे.

रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेतही काच धुतल्यावर हीच परीक्षा घेतात. तिथं रेघा आखलेली एक लांब उभी नळी असते आणि तिला खाली तोटी असते. ती ब्युरेट. मध्ये फुगीर आणि दोन्ही टोकांना बारीक अशी दुसरी नळी असते, ती पिपेट. मानेवरच्या एका रेघेपर्यंत भरला की नेमकं शंभर किंवा अडीचशे मिलिलिटर मावेल असा एक चंबू असतो. या सगळ्यांना आपण ‘मोजणीची काच’ म्हणू या. परीक्षानळी थोडी मळकी राहिली तर एखादा प्रयोग बिघडेल आणि तो बिघडलेला दिसेलही. मोजणीची काच ओशट राहिली तर काहीच दिसत नाही. आकडा मिळतो, वहीत लिहिला जातो, आणि तो चुकीचा असतो.

चूक केवढी, ते पाहा. पाण्याचा एक थेंब साधारण ०.०५ मिलिलिटर भरतो. ब्युरेटमधून आपण वीस मिलिलिटर द्रव खाली सोडला आणि नळीच्या ओशट भिंतीला तीन थेंब चिकटून राहिले, तर रेघ सांगते वीस, आणि प्रत्यक्षात खाली गेलेले असतात १९.८५. म्हणजे शेकडा पाऊण इतका फरक. किराणा दुकानात एवढं आपण सोडून देतो. औषधात, चांदीच्या नाण्यात किंवा पिण्याच्या पाण्याच्या तपासणीत सोडून देता येत नाही.

कविता लिहिणाऱ्या बी.ए. माणसाला या नळ्यांशी काय करायचं आहे, असा प्रश्न तुमच्या मनात आला असेल. त्याचं उत्तर पुढं येईल. आधी इतिहास.

मोजणीच्या या काचेचा जन्म प्रयोगशाळेत झाला असं म्हणण्यापेक्षा परटाच्या घाटावर झाला असं म्हणणं जास्त खरं आहे. अठराव्या शतकात युरोपात कापड पांढरं करणं हे महिनोन्‌महिने चालणारं काम होतं. खाराच्या पाण्यात उकळायचं, गवतावर उन्हात पसरायचं, आंबट ताकात बुडवायचं, पुन्हा पसरायचं. खार किती जोरकस आहे हे कळल्याशिवाय त्यासाठी पैसे किती मोजायचे हे व्यापाऱ्याला कळत नसे. एडिंबरोच्या फ्रान्सिस होम या डॉक्टरने १७५६ साली कापड पांढरं करण्याच्या विद्येवर एक पुस्तक लिहिलं. त्यात त्याने खार तपासायची साधी रीत दिली. खारावर आम्ल टाकलं की फेस येतो. फेस थांबेपर्यंत आम्ल टाकत राहायचं आणि किती लागलं ते मोजायचं. मोजायचं कशाने? चहाच्या चमच्याने! आज ज्याला आपण अनुमापन म्हणतो, बारावीची मुलं ज्याला नुसतं ‘टायट्रेशन’ म्हणतात, त्याची सुरुवात अशी चमच्याने झाली.

पुढं १७८५ साली बर्थोले या फ्रेंच शास्त्रज्ञाने क्लोरीनने कापड पांढरं करायची युक्ती काढली. महिन्यांचं काम दिवसांवर आलं, पण धोका वाढला. क्लोरीनचं पाणी सौम्य पडलं तर कापड पिवळटच राहायचं आणि तीव्र झालं तर धागाच जळायचा. फ्रान्समध्ये रुआं नावाचं कापडाच्या धंद्याचं गाव आहे. तिथल्या देक्रुआझील या औषधविक्यानं १७९५ साली एक आखीव काचनळी वापरून हे पाणी तपासायची रीत प्रसिद्ध केली. क्लोरीनच्या पाण्याने निळीचा रंग किती उडतो, हे तो त्या नळीच्या रेघांवर मोजत असे. म्हणजे चमचा गेला आणि रेघ आली. हा मला त्या सगळ्या इतिहासातला मोठा क्षण वाटतो. चमच्याचा भरवसा माणसाच्या हातावर असतो. रेघेचा भरवसा काचेवर.

‘ब्युरेट’ आणि ‘पिपेट’ ही नावं रसायनशास्त्रात रूढ केली ती गे-ल्यूसॅकने, १८२४ च्या निबंधात. शब्दांचा नाद असलेल्या माणसाला इथं थोडं थांबावंसं वाटतं. फ्रेंचमध्ये ब्युरेट म्हणजे जेवणाच्या टेबलावरची तेलाची किंवा सिरक्याची चोचीची सुरई. चर्चमध्ये प्रार्थनेच्या वेळी पाणी आणि द्राक्षरस ठेवायच्या सुरईलाही हेच नाव. पिपेट म्हणजे छोटी नळी. आणि टायट्रेशन या शब्दाच्या मुळाशी आहे ‘तित्र’, म्हणजे सोन्याचांदीचा कस. स्वयंपाकघर, देवघर आणि सराफकट्टा अशा तिन्ही ठिकाणचे शब्द एका नळीपाशी जमा झालेले आहेत.

सराफकट्ट्याचा संबंध नुसता शब्दापुरता नाही. तोपर्यंत टांकसाळीत चांदीचा कस भट्टीत आटवून काढत. त्या रीतीत थोडी चांदी मुशीत जिरे आणि कस खरा असतो त्याहून कमी भरे. गे-ल्यूसॅकने १८३२ साली मिठाच्या पाण्याने कस काढायची रीत दिली. चांदी आम्लात विरघळवायची, तिच्यात मोजून मिठाचं पाणी घालायचं, पांढरा साका बसू द्यायचा. शंभर मिलिलिटर मिठाच्या पाण्याने एक ग्रॅम चांदी साक्यात यावी, असं ते पाणी बेतलेलं असे. शेवटचा कस मात्र हजारपट फिक्या फरकांवर ठरायचा, एकेका मिलिग्रॅमवर. विचार करा, त्या पिपेटच्या पोटात आदल्या दिवशीचा ओशटपणा राहिला असेल तर सरकारच्या नाण्याचा कस बदलायचा. टांकसाळीत त्या पिपेट रोज कोणी धुतल्या, त्या माणसाचं नाव निदान माझ्या वाचनात कुठं आलेलं नाही.

एका बाईचं नाव मात्र आलं आहे, आणि ते फार योगायोगाने आलं आहे.

स्टॉकहोममध्ये त्या काळी बर्झेलियस नावाचा रसायनशास्त्रज्ञ राहत होता. मूलद्रव्यांना आपण एच, ओ, एन अशी अक्षरं लावतो, ती पद्धत त्याची. त्याने सुमारे दोन हजार संयुगांचं पृथक्करण केलं आणि मूलद्रव्यांच्या अणुभारांचे तक्ते तयार केले. १८२३ साली त्याच्याकडे शिकायला व्होलर नावाचा जर्मन तरुण आला. हाच व्होलर पुढं युरिया प्रयोगशाळेत बनवून प्रसिद्ध झाला. म्हातारपणी त्याने स्टॉकहोमच्या आठवणी लिहिल्या आणि त्यात गुरूच्या प्रयोगशाळेचं वर्णन केलं. युरोपभर दबदबा असलेली ती प्रयोगशाळा म्हणजे राहत्या घराच्या दोन साध्या खोल्या. धूर ओढून घेणारी चिमणी नाही, नळाचं पाणी नाही, गॅस नाही. शेजारीच स्वयंपाकघर, आणि तिथल्या भट्टीवर एकीकडे जेवण शिजतंय, तर दुसरीकडे तापलेल्या वाळूत प्रयोगाची भांडी ठेवलेली. एका बाजूला धुण्याची जागा. ती म्हणजे तोटी असलेलं एक दगडी पाण्याचं भांडं आणि त्याखाली एक मडकं. बस्स.

या जागेची मालकीण होती ॲना सुंडस्ट्रॉम. शेतकऱ्याची मुलगी. खेड्यातून स्टॉकहोमला घरकामासाठी आलेली, १८०८ पासून १८३६ पर्यंत बर्झेलियसकडे होती. स्वयंपाक ती करायची, घर ती सांभाळायची आणि प्रयोगाची सगळी काच तीच धुवायची. अठ्ठावीस वर्षं. इतक्या काळात तिला भांडी, द्रव्यं, त्यांचे वास सगळं ओळखता येऊ लागलं. विद्यार्थ्यांवरही तिची नजर असे. पोरं तिला ‘कडक ॲना’ म्हणत.

व्होलर लिहितो की एकदा ती भांडी धुत असताना म्हणाली, याला ऑक्सिम्युरिॲटिक ॲसिडचा फार वास येतोय. ते क्लोरीनचं जुनं नाव. बर्झेलियस बराच काळ क्लोरीन हे संयुग आहे असंच मानत होता. ते मूलद्रव्य आहे असं इंग्लंडचा डेव्ही १८१० पासून सांगत होता आणि बर्झेलियस वर्षानुवर्षं त्याला विरोध करत होता. त्या दिवशी त्याने ॲनाला सांगितलं, आता ते नाव सोड, यापुढं क्लोरीन म्हणायचं. व्होलरला याची गंमत वाटली. मला मात्र या प्रसंगात दुसरंच काही दिसतं. एका मोठ्या शास्त्रज्ञाने आपलं मत बदलल्याचं भांडी विसळणाऱ्या बाईला सांगितलं. सांगावं लागलं, कारण घरात दिवसभर त्या वायूचं नाव घेणारी माणसं दोनच होती.

बर्झेलियसचे अणुभार आजच्या आकड्यांच्या इतके जवळ कसे गेले, असा प्रश्न इतिहासकार विचारतात. त्याचं कौशल्य, त्याचा तराजू, त्याची चिकाटी ही उत्तरं खरीच आहेत. पण दोन हजार पृथक्करणं म्हणजे काचेची किती भांडी झाली? आणि त्यातलं एक जरी भांडं नीट निघालं नसतं तरी त्या तक्त्यातला एखादा आकडा हलला असता. हे मी माझ्या पदरचं सांगतोय, कुठल्या ग्रंथातलं नाही. पण भांडी घासणाऱ्या कुणालाही हे पटेल. बर्झेलियसने १८३५ साली लग्न केलं आणि त्यानंतर ॲनाची नोकरी संपली.

आता जर्मनीकडे वळू. गे-ल्यूसॅकची ब्युरेट हातात धरून वाकडी करून ओतावी लागे. कोब्लेंट्‌स गावच्या कार्ल फ्रीडरिख मोहर या औषधविक्यानं ती खिळ्यासारखी उभी केली. तिच्या बुडाशी रबराची छोटी नळी लावली आणि त्या नळीला तारेचा चिमटा. चिमटा दाबला की थेंब पडतो, सोडला की थांबतो. काचेची तोटी ठेवली तर कॉस्टिक सोड्याने ती काचेतच चिकटून बसते, फिरता फिरत नाही. ज्यांनी दोन दिवस सोडा भरून ठेवलेली ब्युरेट उघडायचा प्रयत्न केलाय त्यांना हे सांगायला नको. रबराने ती अडचण संपली. अर्थात पोटॅशियम परमँगनेट रबर खातं, त्यामुळं त्याच्यासाठी काचेचीच तोटी लागे. मोहरने हे सगळं १८५५ साली एका जाड पुस्तकात घातलं आणि ते पुस्तक ब्राउनश्वाइग या गावी छापलं गेलं.

हे गाव लक्षात ठेवा. कारण पुस्तकात न सापडलेलं उत्तर याच गावातल्या एका मोरीत सापडलं.

प्रश्न असा होता : ओशट काचेवर पाणी फाटतं का? आणि किती तेल असलं म्हणजे फाटतं? ॲग्नेस पॉकल्स या मुलीचा जन्म १८६२ साली व्हेनिसला झाला. वडील ऑस्ट्रियाच्या सैन्यात होते. १८७१ साली कुटुंब ब्राउनश्वाइगला आलं. मुलींच्या शाळेत ती शिकली. पुढं शिकायचं मनात होतं, पण मुलींना तिथल्या विद्यापीठाचं दार बंद होतं. आईवडील आजारी, त्यांची सेवा आणि घरकाम तिच्याकडे. तिचा धाकटा भाऊ ग्योटिंगेनला भौतिकशास्त्र शिकायला गेला आणि ती त्याची पुस्तकं घरी वाचत राहिली. १८८० च्या सुमारास, म्हणजे अठरा वर्षांची असताना, भांडी धुण्याच्या पाण्यावर तवंग कसा पसरतो, साबण पडला की तो कसा पळतो, हे तिच्या नजरेत भरलं. आपणही हे रोज बघतो. तिने ते मोजलं, हा फरक.

तिचं यंत्र ऐका. पत्र्याचं एक लांबट तबक. सत्तर सेंटिमीटर लांब, पाच रुंद, दोन खोल. ते पाण्याने काठोकाठ भरायचं आणि पाण्याला टेकेल अशी पत्र्याची एक पट्टी आडवी ठेवायची. पट्टी सरकवली की एका बाजूचा पृष्ठभाग आकसतो, दुसऱ्या बाजूचा पसरतो. मग गुंडीएवढी एक चकती पाण्यावर टेकवून ती उचलायला किती जोर लागतो हे छोट्या तराजूने मोजायचं. पाण्यावर तेलाचा अंश असेल तर जोर कमी लागतो. पट्टी सरकवत नेली तर एका ठराविक जागेपर्यंत काही फरक पडत नाही आणि मग एकदम पडतो. तेलाचे कण एकमेकांना खेटले, ती ती जागा. हीच पट्टी फिरवून ती पाण्याचा पृष्ठभाग पुसूनही काढायची, ओटा पुसावा तसा.

दहा वर्षं हे काम घरातच राहिलं. मग इंग्लंडचे लॉर्ड रॅले असेच प्रयोग करत आहेत असं तिला कळलं आणि १८९१ च्या जानेवारीत तिने त्यांना जर्मनमध्ये पत्र लिहिलं. निरनिराळ्या कारणांनी आपल्याला हे काम शास्त्रीय नियतकालिकांत छापता येत नाही, असंही त्या पत्रात होतं. रॅलेंनी ते भाषांतर करून घेतलं, आणि १२ मार्च १८९१ च्या ‘नेचर’ या साप्ताहिकात त्यांच्या शिफारशीसह ते छापून आलं. रॅलेंनी स्वतः तेलाच्या अशा थराची जाडी काढली होती. ती मिलिमीटरच्या सहा लाखाव्या भागाच्या आसपास भरली. म्हणजे तेलाच्या एका रेणूएवढी! यावरून ओशटपणा म्हणजे किती, हे कळलं. काचेवर एका रेणूच्या जाडीचा तवंग असला तरी पाण्याला पुरे. एखाद्या बोटाचा ठसा तर त्या मानाने रग झाला.

पुढं अमेरिकेतल्या लँगम्यूर यांनी याच वाटेने जाऊन पृष्ठभागांचं शास्त्र उभं केलं आणि १९३२ चं नोबेल मिळवलं. त्यांनी वापरलेलं तबक मोरीतल्या त्या तबकाच्याच घराण्यातलं. त्याच साली ब्राउनश्वाइगच्या विद्यापीठाने सत्तर वर्षांच्या ॲग्नेसला सन्मान्य डॉक्टरेट दिली.

काचेबद्दलही दोन शब्द सांगायला हवेत, कारण काच स्वतः काही निर्दोष नसते. लाव्हॉजिएने १७६८ साली काचेच्या बंद भांड्यात शुद्ध पाणी एकशे एक दिवस सतत तापवलं. पाण्याची माती होते, अशी तेव्हाची समजूत. शेवटी तळाला गाळ दिसला खरा, पण भांडं तोलून पाहिलं तर ते हलकं झालेलं! काचच पाण्यात उतरली होती. साध्या काचेतला सोडा असा झिरपतो आणि खाराची मोजणी बिघडवतो. येना गावी ऑटो शॉट यांनी १८८४ साली कारखाना काढला आणि बोरॉन घालून नवी काच बनवली तेव्हा हा दोष बराच आटोक्यात आला. अमेरिकेत १९१५ साली पायरेक्स आलं. आपल्याकडे तळेगावला पैसा फंडाचा काच कारखाना १९०८ चा, तर कराडजवळ ओगलेवाडीचा १९१६ चा. घराघरांतून एकेक पैसा गोळा करून काच ओतणारे आणि ‘प्रभाकर’ कंदील घरोघर पोचवणारे हे लोक. त्या काचेने उजेड दिला, मोजणीची काच मात्र त्यानंतरही बराच काळ बाहेरून येत राहिली. मुंबईत बोरोसिल सुरू झालं ते १९६२ साली.

आता मघाच्या प्रश्नाचं उत्तर. माझे मामू आमच्या भागातल्या एका कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत होते. कागदावर ‘प्रयोगशाळा परिचर’, बोलण्यात ‘लॅबवाले मामू’. मी बारावीपर्यंत सायन्सला होतो आणि संध्याकाळी त्यांच्यासोबत घरी जायला मिळावं म्हणून त्यांचं काम आटपेपर्यंत लॅबमध्ये थांबायचो. दिवसभराच्या ब्युरेट-पिपेट ते क्रोमिक ॲसिडने धुवायचे. पोटॅशियम डायक्रोमेट तीव्र सल्फ्युरिक ॲसिडमध्ये विरघळवून केलेलं ते दाट, तांबूस-नारिंगी मिश्रण. पिढ्यान्‌पिढ्या जगभरच्या प्रयोगशाळांचा त्याच्यावर विश्वास होता, कारण त्याच्यापुढं ओशटपणा टिकतच नाही. ते चरबी जाळून टाकतं. नळी भरून रात्रभर ठेवायची, सकाळी विसळायची, पाणी आरशासारखं सरकत उतरतं. मिश्रणाचा रंग हिरवा पडला की ते संपलं, नवीन करायचं.

मामूंच्या नखांच्या कडा कायम पिवळ्या असायच्या. शर्टाच्या बाह्यांना बारीक बारीक भोकं, कुणी अगरबत्तीने पाडावीत तशी. मामी ती रफू करायची आणि दर ईदला त्यांच्यासाठी पूर्ण बाह्यांचाच शर्ट घ्यायची. हातमोजे नव्हते. असावेत असं तेव्हा कुणाला वाटलंही नव्हतं. मोरीला जाणारं ते नारिंगी पाणी पुढं कुठं जातं, हेही कुणी विचारलं नव्हतं.

त्या नारिंगी रंगात जे क्रोमियम असतं, त्याला षट्‌संयुजी क्रोमियम म्हणतात. त्याच्यामुळं कर्करोग होतो, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९० साली स्पष्ट शब्दांत नोंदवलं. ही सगळी संयुगं तिने सर्वांत धोकादायक गटात घातली. गंमत म्हणा किंवा दैवाचा खेळ म्हणा, ज्या कामासाठी ते मिश्रण वापरायचं त्यातही ते पूर्ण खरं नव्हतं. क्रोमियम काचेला धरून बसतं आणि कितीही विसळलं तरी त्याचा अंश मागे राहतो. सूक्ष्म तपासण्यांत तोच घोटाळा करतो. तेलाचा ओशटपणा गेला आणि दुसरा, न दिसणारा मळ बसला, असा हा व्यवहार. माणसं त्यात किती झिजली याचा हिशेब कोणत्या प्रयोगाच्या वहीत मांडलेला मी पाहिला नाही. मामू निवृत्त होऊन बरीच वर्षं जगले. त्यांच्या बोटांना हिवाळ्यात भेगा पडायच्या आणि त्या उन्हाळ्यापर्यंत भरायच्या नाहीत.

आज बहुतेक प्रयोगशाळांनी ते मिश्रण बाजूला ठेवलं आहे. आता खास काचेसाठीचे साबण आले आहेत. पण मला सगळ्यात मोलाची वाटते ती कडक ॲनाच्या काळातलीच गोष्ट, काम झाल्याबरोबर विसळून टाकणं. वाळलेला मळ काढायला जे आम्ल लागतं ते ओल्या मळाला लागत नाही. भांड्यावर पिठलं वाळू द्यायचं नाही, हे आपल्याला घरात कुणी शास्त्र म्हणून शिकवलेलं नसतं. नंतर साबण, मग नळाचं भरपूर पाणी, मग थोडं थोडं ऊर्ध्वपातित पाणी तीन-चारदा. एकदम पुष्कळ पाण्यापेक्षा थोडं थोडं अनेकदा घेतलेलं पाणी जास्त स्वच्छ करतं. आतून फडकं किंवा राख लावायची नाही. चरा पडला की रेघ आणि प्रत्यक्ष माप यांचं नातं तुटतं. जुनी पुस्तकं सांगतात की मोजणीची काच भट्टीत वाळवू नये, तापून पसरलेली काच पूर्ववत होईलच असं नाही. आजच्या बोरोसिलिकेट काचेला त्याने फारसा फरक पडत नाही, तरी जुने हात अजून ती हवेवरच निथळू देतात. ब्युरेट तोटी उघडी ठेवून स्टँडला उलटी लावतात.

आणि वापरण्याआधी ब्युरेट ज्या द्रवाने भरायची त्याच द्रवाने एकदा खळबळून घेतात. आत राहिलेल्या पाण्याच्या अंशाने द्रव पातळ होऊ नये म्हणून. मोजणीचा चंबू मात्र असा खळबळायचा नाही, त्यात उलट जास्तीचा द्रव राहून जाईल. हे मामूंनी मला सांगितलं होतं, प्राध्यापकांच्या आधी.

काचेच्या भिंतीला पाण्याचा एक पातळ, सलग थर तर स्वच्छ नळीतही राहतोच. तो रेघ आखणाऱ्या कारागिराला ठाऊक असतो. म्हणून मोजणीच्या काचेवर बारीक अक्षरांत दोन प्रकारच्या खुणा असतात, ‘इन’ आणि ‘एक्स’. पहिलीचा अर्थ, आत एवढं मावेल. दुसरीचा अर्थ, बाहेर एवढं पडेल. सोबत वीस अंश सेल्सिअस असं तापमान. दुसऱ्या प्रकारच्या नळीत, काच ओशट नसेल तर, मागे किती राहणार हे आधीच वजा केलेलं असतं. पिपेट रिकामी झाली की टोकाशी थोडंसं पाणी अडकून राहतं. नवखा मुलगा ते फुंकून काढतो. फुंकून काढायच्या पिपेटही असतात, त्यांच्यावर तशी वेगळी खूण असते. पण साध्या पिपेटचं टोक मामू चंबूच्या आतल्या भिंतीला टेकवायचे, मनात दहा-पंधरा मोजायचे आणि उरलेला थेंब तसाच राहू द्यायचे.